उसन्या पाण्याचा हौद

"ओत, पण सांडू नको," आई म्हणाली.

नर्बदाकाकीने कळशी हौदाच्या काठावर टेकवली आणि इतक्या हळू कलती केली की पाणी भिंतीला चिकटूनच खाली उतरलं. मग कळशी उपडी धरून तिने आत बोट फिरवलं आणि बोटाला आलेला थेंबही हौदात झटकला.

"परत न्यायला हीच कळशी आणणार हाय मी," ती म्हणाली. "गळ्यापतोर भरून पायजे. मग तुझा ल्योक नवरदेव असू दे न्हायतर आमदार."

"आन् ही?" मागून कुणीतरी विचारलं. "ही गप ऱ्हाईल न्हवं?"

अंगणातल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. प्रत्येकीच्या डोक्यावर किंवा कमरेवर पाण्याचं भांडं होतं आणि चेहऱ्यावर शंका होती. मी भूशास्त्रात एम.एस्सी. करून दोनच महिन्यांपूर्वी घरी परतले होते. गप राहण्याचा विषय आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

"गोदे," नर्बदाकाकी म्हणाली, "पाव्हणं आलं की चा द्यायचा आन् आत जायचं. हौदाचं काय इचारलं तर तुझी आई बोलंल. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले. आणि मला खरोखरच वाटत होतं की मला सगळं कळलंय.

आमची वाडी माणदेशातली. 'पर्जन्यछाया' हा शब्द मी कॉलेजात पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. तोवर मला वाटायचं की आमच्याच वागण्यात काहीतरी चूक असणार. गल्लीत एक नर्मदा होती, एक कृष्णा होती, दोन यमुना होत्या आणि मी गोदावरी. पाणी तेवढं टँकरने यायचं. त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस चुकला होता. अण्णा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाटाखाली उतरले होते, ते वळवाचा वास आल्याशिवाय परतणार नव्हते. घरात आई, मी आणि माझा थोरला भाऊ मल्हारी.

दादा घोंगड्या विणायचा. तिशीला आला होता. त्याच्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, पण गावाचं नाव ऐकलं की मुलीकडचे लोक चहाचा कप खाली ठेवायचे. एकानेही घर बघायला यायची तसदी घेतली नव्हती. मग महिन्याभरापूर्वी तो मामाबरोबर जतकडे जाऊन मेटकऱ्यांची शालन बघून आला. आल्यावर काही बोलला नाही. पण त्याच्या हातून कधी चुकत नाही ती किनार चुकली, त्याने ती उसवली, पुन्हा विणली आणि पुन्हा चुकवली. आईने ते बघितलं आणि देवापुढे साखर ठेवली. मेटकऱ्यांनी निरोप धाडला होता की मुलगा पसंत आहे, घर बघून मग शब्द देऊ.

आता घर बघणं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. चार भिंती कुणी मोजत नाही. पाव्हणे पाणी बघतात. म्हणून ज्या घरी पाव्हणे यायचे त्या घरचा हौद सगळी गल्ली मिळून भरायची. दर घरचं एकेक भांडं. पाव्हणे गेले की ज्याचं त्याने परत न्यायचं. ही रीत किती जुनी आहे कोण जाणे. मी दहावीनंतर कराडला वसतिगृहात गेले ती सुट्टीपुरतीच घरी यायचे, त्यामुळे प्रत्यक्ष बघायची माझी ही पहिलीच वेळ. मला ती रीत फार आवडली. तिच्यात मला एक सामुदायिक लबाडी दिसली, आणि आपल्या माणसांत एवढी कल्पकता आहे याचा अभिमानही वाटला. फक्त सादरीकरण कच्चं आहे, असं माझं मत पडलं. नुसता भरलेला हौद दाखवून काय होणार? पाणी कुठून आलं याचं काहीतरी पटेल असं कारण नको का?

कारण मी रात्रीच तयार करून ठेवलं होतं.

पाव्हण्यांची जीप ऊन चढायच्या आत आली. जीप भाड्याची होती, मिरजेची. तिच्यातून मुलीचे वडील उतरले. त्यांना सगळे तात्या म्हणत. उंच, अबोल, पटक्याखाली कान झाकलेले. त्यांच्यामागून त्यांची थोरली बहीण, गिरजाआत्या. ठेंगणी, रुंद, नाकात मोरणी, आणि डोळे असे की आपण नुकतीच चोरी केलीय असं उगीचच वाटावं. तिसरा ड्रायव्हर, तरणा आणि शीळ घालणारा.

आईने पाय धुवायला बादली आणि तांब्या ठेवला. गिरजाआत्याने तांब्यात थोडंसं पाणी घेतलं, दोन्ही पावलांवर चार-चार थेंब सोडले, हाताने पुसले, उरलेलं पाणी बादलीत परत ओतलं.

मी दारातच उभी होते. मला वाटलं, पाव्हणीबाई संकोच करतायत.

"घ्या की आत्याबाई," मी म्हणाले. "भरपूर आहे."

आणि बादली उचलून तिच्या पायांवर मोकळ्या हाताने पाणी ओतलं. ते पायांवरून फरशीवर आणि फरशीवरून मातीत गेलं. कुंपणापलीकडे यमुनाकाकी भाकरीचं पीठ मळता मळता थांबली.

"भरपूर हाय व्हय," गिरजाआत्या आपल्या ओल्या पावलांकडे बघत म्हणाली.

आत बसल्यावर आईने चुलीवर चहा ठेवला. दादा घोंगड्यांच्या मागाच्या खोलीच्या दारात उभा होता, हात मागे बांधून. गिरजाआत्याची नजर खिडकीतून अंगणातल्या हौदावर गेली.

"हौद भरलाय की."

"देवाची किरपा," आई म्हणाली. हे उत्तर ठरलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावर भागलंही होतं, कारण गिरजाआत्याने मान हलवली आणि ती सुपारीकडे वळली.

पण माझ्याजवळ कारण तयार होतं. ते वाया कसं घालवायचं?

"कृपा म्हणजे काय आहे आत्याबाई," मी चहाचे कप ठेवत म्हणाले, "आमच्या घराखाली जो काळा पाषाण आहे ना, त्याला आडव्या भेगा आहेत. डोंगरावर जे काही पाणी मुरतं ते त्या भेगांतून सरकत सरकत बरोबर इथे येतं."

आईने पदराआडून माझ्याकडे बघितलं.

"असं असं," तात्या म्हणाले. ते कीर्तन ऐकल्यासारखे पुढे झुकून बसले होते. मला इतका चांगला श्रोता परीक्षेच्या वेळीही मिळाला नव्हता.

"म्हंजी आड हाय तुमचा?" गिरजाआत्याने विचारलं.

मी थोडी थांबले. आड नव्हता.

"आहे. म्हणजे झाकलेला आहे."

"कशापायी?"

"बाष्पीभवन," मी म्हणाले.

"त्ये कोण?"

"उन्हाने पाणी उडून जातं ना, ते. म्हणून वर फरशी घालून बंद केलाय. माती टाकून. वरून कळणार नाही तुम्हाला."

"मग पाणी काढतासा कसं?"

मी पुन्हा थांबले. शास्त्रात प्रश्नाला उत्तर नसलं की 'अधिक संशोधनाची गरज आहे' असं म्हणता येतं. इथे गिरजाआत्या होती.

"ते आपोआप चढतं," मी म्हणाले. "दाबाने."

दादा खोकला. आई उठून चुलीकडे गेली, चूल विझलेली असताना तिच्यात फुंकर घालू लागली. तात्यांनी मात्र पुन्हा मान डोलावली.

"शास्त्र लई पुढं गेलंय," ते म्हणाले.

"व्हय," गिरजाआत्या म्हणाली. "लईच."

तेवढ्यात ड्रायव्हर दारात आला. जीपवर माणदेशची माती बसली होती आणि तो मिरजेचा, कृष्णाकाठचा. त्याला धुळीची गाडी चालवायची लाज वाटत असावी.

"ताई, हौदातलं पाणी घेऊ का? गाडीवर मारतो जरा."

तात्यांनी बहिणीकडे बघितलं. तिने सुपारी फोडायचं थांबवलं नाही, पण ती बोललीही नाही. आई चुलीजवळ उकिडवी बसली होती ती तशीच राहिली. मला वाटलं, हाच तो क्षण. आपण कचरलो तर दादाचं लग्न गेलं.

"घ्या की," मी म्हणाले. "धुवा गाडी. भरपूर आहे."

तो शीळ घालत गेला. पहिली बादली त्याने बॉनेटवर मारली. पाणी लाल होऊन चाकांखाली गेलं आणि मातीने ते असं ओढून घेतलं की डबकंसुद्धा राहिलं नाही. कुंपणाच्या पलीकडून, भिंतीवरून, अर्धवट उघड्या दारांतून गल्ली बघत होती. यमुनाकाकीचे पिठाचे हात हवेत होते. कृष्णाबाईने तान्ह्या नातवाला छातीशी धरलं होतं, जणू पुढची बादली त्याच्यावरच येणार होती. टँकर परवा यायचा होता.

दुसरी बादली टपावर गेली. नर्बदाकाकीने डोळे मिटले.

मी खिडकीत उभी राहून हसत होते. ते हसू आजही माझ्या चेहऱ्याच्या स्नायूंना आठवतं. मनात हिशेब चालला होता की एवढ्याशा जीपला असं कितीसं पाणी लागेल, आणि सोबत असंही वाटत होतं की पाव्हणे चांगलेच भारावले असणार.

तिसऱ्या वेळी ड्रायव्हरने बादली हौदात बुडवली तेव्हा तिच्यावर दुसरा हात पडला. दादा मागाच्या खोलीतून मागच्या दाराने कधी बाहेर गेला मला कळलंच नाही.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

"ताई म्हणल्या..."

"तिला म्हणू द्या. बादली ठेवा."

ड्रायव्हरने बादली सोडली. दादाने ती हौदात हळूच रिकामी केली. मग त्याने खिडकीकडे, म्हणजे आमच्याकडे बघितलं. दादाला लोकांसमोर बोलायची सवय नव्हती. तो नेहमी एखाद्या धाग्याशी बोलल्यासारखा खाली बघून बोलायचा. तसाच बोलला.

"तात्या, ह्ये पाणी आमचं न्हाय. गल्लीचं हाय. तुमी येणार म्हणून समद्यांनी ओतलंय. आड न्हाय, झरा न्हाय. परवा टँकर येस्तोवर समद्यांला ह्येच प्यायचं हाय."

"दादा थट्टा करतोय," मी म्हणाले.

माझ्या या वाक्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही. तात्या उठले. त्यांनी पटका सारखा केला. आईने भिंतीला हात लावला. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, आणि रागही आला, दादाचा. इतकं जुळवून आणलेलं आणि याने एका बादलीसाठी मोडलं, असं माझ्या मनात आलं.

गिरजाआत्या सुपारी तोंडात टाकून बाहेर गेली. आम्ही सगळे मागोमाग गेलो. ती हौदाच्या काठाशी उभी राहिली आणि आत वाकून बघू लागली.

"कुणाकुणाचं हाय ह्यात?"

"समद्या गल्लीचं," दादा म्हणाला.

"गेलं तेवढं कुणाच्या वाट्याचं?"

"आमच्या."

"आन् तुमी काय पिणार परवापतोर?"

"भागवू."

"म्हातारी आय हाय तुझी."

"तिला पुरंल तेवढं ठेवीन की. आमी दोघं बगू." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला तर न्हाईच द्यायचं."

कुंपणापलीकडून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

गिरजाआत्याने दादाला नीट न्याहाळलं, बाजारात मेंढरू बघतात तसं, पायापासून वर. मग ती भावाकडे वळली.

"बस खाली," ती म्हणाली. "उटलास कशाला?"

तात्या हौदाच्या काठावर बसले. ड्रायव्हर जीपच्या मागे सरकला.

"ए, हिकडं ये," गिरजाआत्याने त्याला हाक मारली. "मागं ताडपदरीखाली कॅन हायेत न्हवं? दोन्ही काढ. ओत ह्यात."

त्याने ताडपत्री सारली. खाली पाण्याचे दोन मोठे कॅन होते. बूच काढून त्याने ते एकेक करून हौदात ओतले आणि यावेळी शीळ घातली नाही.

मी कॅनकडे बघत होते.

"तुम्ही पाणी घेऊन आला होता?" मी विचारलं.

"मग? कुणाच्या दारात सोयरिकीला जायचं तर आपलं पाणी आपुन न्यायचं. एवढी रीत आमाला बी हाय."

"म्हणजे तुम्हाला हौदाचं माहीत होतं."

"बाई, मी जतकडची हाय. माझं लगीन ठरलं तवा माझ्या सासऱ्याच्या दारात सात रांजण भरल्यालं. समदं उसनं. माझ्या बानं मोजलं हुतं." तिने सुपारीचा चोथा हौदापासून लांब जाऊन थुंकला आणि ती परत आली. "पाणी कुणाकडं हाय म्हणतीस तू? तुमच्याकडं न्हाय, आमच्याकडं न्हाय. पाणी बघाय आलो असतो तर कोल्हापूरला नसतो का गेलो?"

"मग काय बघायला आलात?"

आई हळूच "गोदे" म्हणाली. पण गिरजाआत्याला प्रश्न आवडला असावा.

"गेल्या साली एका घरी गेलतो, हितनं जवळच. वाडा मोठा, मेंढरं शंभर, हौद कोरडा ठाक. चा घेतला न्हाय, उटलो. ज्याच्यासाटी गल्ली एक तांब्या सोडत न्हाय, त्याच्या घरी पोरगी कुणाच्या जिवावर ठेवायची? उद्या तिला बाळंतपणात पाणी लागलं तर कोण देणार? ती भेगा पडल्याला पाषाण?"

शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे न बघता म्हटलं. तात्यांनी पटक्याच्या सोग्याने तोंड झाकलं. ते मघापासून, म्हणजे पार बाष्पीभवनापासून, हसू दाबत होते, हे मला आत्ता दिसलं.

"हौद भरल्याला बघितला, मन गार झालं," गिरजाआत्या पुढे म्हणाली. "म्हटलं घर चांगलं हाय. मग ही बया माझ्या पायावर कुणाचं तरी जेवणाचं पाणी ओतायला लागली. तात्याला म्हटलं नजरेनंच, अवघड हाय. आन् ही गाडी धुवा म्हणली तवा उटणारच हुते मी. पन म्हटलं जरा बगू, घरात दुसरं बी कोण हाय का."

माझ्याजवळ त्या वेळी पाषाणाची बरीच माहिती होती, पण ती कुणी विचारली नाही.

"आई," मी कुजबुजले, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं त्यात?" आईलाच नवल वाटलं. "समद्यांस्नी ठावं असतंय. म्हणून तर बोलायचं न्हाय."

गिरजाआत्याने कमरेचा बटवा काढला, त्यातून हळदीकुंकवाची पुडी काढली आणि दादाला जवळ बोलावलं. तो आला. त्याचे हात अजून ओले होते, ते त्याने धोतराला पुसायला सुरुवात केली.

"पुसू नको," ती म्हणाली, आणि त्याच्या ओल्या हातावर तिने कुंकवाचं बोट ओढलं. "तात्या, शालन दिली म्हणून सांग. मी दिली."

"दिली," तात्या म्हणाले.

दादाने मान खाली घातली. त्याचे कान लाल झालेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. कुंपणापलीकडे बायका एकदम बोलायला लागल्या, मघापासून धरून ठेवलेलं सगळं एकदमच. नर्बदाकाकी कळशी घेऊन फाटकातून आतही आली, कारण आनंद आपल्या जागी आणि कळशी आपल्या जागी.

जीपमध्ये चढता चढता गिरजाआत्या थांबली आणि आईला म्हणाली, "हिचं कुठं जमलंय का?"

"न्हाय अजून," आई म्हणाली. "शिकलीय. शिकल्याली पोरं मिळंनात."

"इकडं कुठं बघू नका." तिने माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, अगदी मायेने. "हिला नदीकाठाला द्या. हिकडं न्हाय परवडायची."

आई त्या दिवशी सकाळपासून हसली नव्हती. ती इतकी हसली की तिला हौदाचा काठ धरावा लागला.

गिरजाआत्याचा शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. पुढच्या वर्षी मला सांगलीला दिलं, कृष्णेच्या काठावर. माणसं चांगली आहेत. नवरा पाटबंधारे खात्यात होता, माझं भूशास्त्र तो मन लावून ऐकतो. फक्त चार-सहा वर्षांनी एकदा नदी आमच्या स्वयंपाकघरात येते आणि आम्ही माळ्यावर जाऊन बसतो. अशा वेळी शालनवहिनीचा फोन येतो. ती बाकी काही विचारत नाही. विचारते, "ताई, प्यायला पाणी हाय का?"

आणि नसतंच.